पन्नास पुस्तकांचें कपाट : विस्कॉन्सिनच्या इतिहास-मंडळाची हकीगत

ज्युबिलीच्या वर्षीं प्रत्येक धर्मग्रामांत जुन्या माणसांची आठवण निघते. देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, पहिली शाळा कोणाच्या ओटीवर भरली, हें सांगणारीं तोंडें पुष्कळ असतात. पण कागद मागितला कीं वाळवीचें नांव पुढें येतें. म्हणून ह्या स्मरणपुस्तकांत एका दूरच्या देशांतील, कागद राखणाऱ्या मंडळाची हकीगत देत आहें. तिचा आपल्या धर्मसभेशीं संबंध कसा पोंचतो, तें वाचकांस ओघानें कळेलच.

विस्कॉन्सिन हा प्रांत १८४८ सालीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्य म्हणून सामील झाला. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८४६ सालींच, तेथील लोकांनीं इतिहास-मंडळ स्थापिलें होतें. राज्य जन्मास येण्यापूर्वीं त्याच्या इतिहासाची चिंता वाहणें कोणास चमत्कारिक वाटेल. आणि खरोखर पहिलीं कांहीं वर्षें तें मंडळ नांवापुरतेंच होतें. १८५४ च्या आरंभीं त्याच्या संग्रहांत अवघीं ५० पुस्तकें होतीं व तीं काचेच्या एका लहानशा कपाटांत मावत असत. त्याच वर्षीं लायमन ड्रेपर हे चिटणीस झाले, आणि कायदेमंडळानें मंडळास दरसाल ५०० डॉलर देण्याचें ठरविलें. रक्कम अल्प, पण कल्पना नवी होती. इतिहास हें श्रीमंतांच्या वर्गणीवर चालणारें व्यसन नसून रस्ते व शाळा ह्यांच्याप्रमाणेंच करदात्यांचें कार्य आहे, असें तिनें मान्य केलें. पुढें कांहीं वर्षें मंडळाचें बिऱ्हाड एका बॅप्टिस्ट देवळाच्या तळघरांत होतें. १८६६ सालीं तें राजधानी मॅडिसन येथील कायदेमंडळाच्या इमारतींत गेलें.

ड्रेपर हे उंचीनें पांच फुटांहून थोडेसेच अधिक, प्रकृतीनें नाजूक, पण हव्यास मात्र अचाट. सरहद्दीवर लढलेल्या व वसाहती वसविलेल्या म्हाताऱ्यांच्या आणि त्यांच्या वारसांच्या दारीं जाऊन त्यांनीं तोंडच्या कथा उतरून घेतल्या, पत्रें व रोजनिशा मिळविल्या. हा संग्रह आज ४९१ खंडांत बांधलेला आहे. एवढें जमवून त्यांनीं इतिहासाचें मोठें पुस्तक लिहून पुरें केलें तें एकच, १८८१ चें. नेलेला कागद परत करण्याची त्यांस घाई नसे, असाही आक्षेप त्यांच्यावर आहे. तो अगदींच निराधार नसावा असें मला वाटतें; परंतु माळ्यावर कुजणाऱ्या पत्रापेक्षां ड्रेपर ह्यांच्या पेटींतील पत्र बरें, असें म्हणणाऱ्यांशीं वाद घालणेंही कठीण आहे.

१९०० सालीं मंडळ राज्याच्या पैशानें बांधलेल्या स्वतंत्र इमारतींत आलें. मग १९०४ च्या फेब्रुवारींत कायदेमंडळाच्या इमारतीस भयंकर आग लागली. मंडळ तेथेंच राहिलें असतें तर काय झालें असतें, ह्याची कल्पना एका पक्ष्यावरून यावी. 'ओल्ड एब' नांवाचा एक गरुड अमेरिकेच्या यादवी युद्धांत विस्कॉन्सिनच्या पलटणीबरोबर रणांगणावर हिंडला होता. त्याचें पेंढा भरलेलें शरीर मंडळाच्या नव्या घरीं सुखरूप पोंचलें होतें. पण १९०३ सालीं तें पुन्हा जुन्या इमारतींत नेलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याची राख झाली.

आतां आपल्या संबंधाची गोष्ट. ड्रेपर ह्यांच्यामागून आलेले रूबेन थ्वेट्स ह्यांनीं १८९६ ते १९०१ ह्या काळांत कॅनडा व त्याच्या दक्षिणेकडील मुलखांत फिरलेल्या येशूसंघीय धर्मगुरूंचे अहवाल ७३ खंडांत प्रसिद्ध केले. एका पानावर मूळ फ्रेंच, लॅटिन किंवा इटालियन मजकूर, समोर इंग्रजी भाषांतर. ही कामगिरी कोणा बिशपानें किंवा संघाच्या प्रांताधिकाऱ्यानें नव्हे, तर एका राज्याच्या इतिहास-मंडळाच्या प्रमुखानें केली, हें आपण विसरूं नये. त्या अहवालांत फादर क्लोद अलुए भेटतात. ते १६६९ च्या डिसेंबरांत ग्रीन बे येथें पोंचले, ३ तारखेस, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या सणादिवशीं, त्यांनीं तेथें मिस्सा केली, आणि ज्यांचें शरीर आपल्या गोव्यांत आहे त्याच संताचें नांव त्या मिशनास दिलें. फादर मार्केत १६७३ सालीं जोलिए ह्यांच्यासह विस्कॉन्सिन नदीनें १७ जून रोजीं मिसिसिपींत उतरले, तेंही ह्याच खंडांतून कळतें. मूळच्या रहिवाशांविषयीं ह्या पत्रांत अनुदार उद्गार पुष्कळ आहेत. तरी त्या लोकांची भाषा, शेती व देवीच्या सांथींनीं उडालेला हाहाकार ह्यांची माहितीही त्याच पानांतून मिळते.

आपल्याकडे पुण्यास राजवाडे व मेहेंदळे ह्यांनीं १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ काढलें, तें सरकारी पैशावर नव्हे, लोकांच्या आस्थेवर. विस्कॉन्सिनचें मंडळ दोन्ही पायांवर उभें आहे; तें राज्याचें खातेंही आहे व सभासदांची संस्थाही. ईगल गांवाजवळ १९७६ सालीं त्यानें नॉर्वेजियन, जर्मन, फिनिश इत्यादि वसाहतवाल्यांचीं घरें राज्यभरांतून हलवून पुन्हा उभारलीं. म्हणजे शेतकऱ्याचा गोठाही जतनास पात्र ठरला. त्याच्याही आधीं, १९६० नंतरच्या दशकांत, मंडळाचीं माणसें दक्षिणेंत जाऊन कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या चळवळीचे कागद गोळा करूं लागलीं होतीं. पत्रकें, सभांचीं टिपणें, स्वयंसेवकांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें, असें सारें त्यांनीं मॅडिसनला आणिलें. १९६४ च्या उन्हाळ्यांतील मिसिसिपीच्या त्या मोहिमेचे हजारों कागद आतां कोणासही घरबसल्या वाचतां येतात.