बंदूक कुंपणाबाहेर

यंदा नवरात्रात धाकट्या भावाची लेक घरी आली होती. पोलीस खात्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेवर जायचा अर्ज केलाय तिनं, जमलं तर दक्षिण सुदान. जेवताना तिची आई मला म्हणाली, "भाऊजी, तिथे म्हणे बंदूक देत नाहीत. लढाईच्या मुलखात पोरीला रिकाम्या हातानं धाडायचं?" पोरगी हसली. "मोठे बाबा, तुम्हीच समजवा आईला. जन्मभर इतिहास शिकवला ना!"

आईचं म्हणणं खोटं नाही. अशा मोहिमांवर एकेकटे जाणारे पोलीस अधिकारी बहुतेक ठिकाणी निःशस्त्र असतात. छावण्यांत फिरायचं, तक्रारी ऐकायच्या, तिथल्या पोलिसांना शिकवायचं, हे त्यांचं काम. तुकडीनं जाणाऱ्यांकडे मात्र शस्त्रं असतात. २००७ साली आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या मुली लायबेरियाला गेल्या, त्या सशस्त्र होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवरची ती पहिली संपूर्ण महिलांची पोलीस तुकडी.

मला आठवले ते आपले कोल्हापूरकडचे जनरल शंकरराव थोरात. २७ जुलै १९५३ ला कोरियात युद्धविराम झाला. बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायची जबाबदारी भारतावर आली. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या आणि राखणदार फौजेचे प्रमुख थोरात. जवान सुमारे सहा हजार. दक्षिण कोरियाचं सरकार भारतीयांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देईना, म्हणून बंदरावरून हेलिकॉप्टरनं त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं! छावणीला नाव दिलं 'हिंद नगर'. कैद्यांवर परत जाण्यासाठी किंवा न जाण्यासाठी बळ वापरायचं नाही, धाकही दाखवायचा नाही, अशी अट होती.

सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत पकडून ठेवलं. बाहेर बंदुका होत्या. पण गोळी चालवली असती तर पहिला बळी ग्रेवालांचाच गेला असता. थोरात मोजक्या माणसांनिशी स्वतः आत गेले. कैदी घोषणा देत होते. ते शांत बसले आणि म्हणाले, चिनी माणसाच्या पाहुणचाराची मोठी ख्याती ऐकली होती, इथे तर कुणी साधी सिगारेटही विचारली नाही. सिगारेट आली. मग चहा आला. बोलणी झाली आणि ग्रेवाल सुटले.

इथवर ऐकून पोरगी खूश झाली. म्हटलं, थांब, पुढचंही ऐक. पुढच्या थोड्याच दिवसांत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दुसऱ्या प्रसंगी त्याच फौजेला गोळीबार करावा लागला आणि कैदी मेले. वर्गात शिकवताना आम्ही मास्तर लोक चहाची गोष्ट रंगवून सांगतो आणि ही गाळतो. मीही गाळत आलो.

उलट बाजूही आहे. १९९९ साली पूर्व तिमोरमध्ये सार्वमत घ्यायला संयुक्त राष्ट्रांचे पोलीस निःशस्त्र गेले. सुरक्षा इंडोनेशियावरच सोपवलेली. ३० ऑगस्टला मतदान झालं, लोकांनी स्वातंत्र्य मागितलं आणि मग गावंच्या गावं जाळली गेली. पोलीस काय करणार? सशस्त्र फौज पोचायला २० सप्टेंबर उजाडला. तर १९९५ साली स्रेब्रेनिकामध्ये डच सैनिकांकडे बंदुका होत्या, तरी आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलं मारली गेली. त्यांना पुरेशी मदत आली नाही.

म्हणजे नुसती बंदूक कंबरेला असण्या-नसण्यानं निकाल लागत नाही. आमच्या केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेत रांगेतल्या म्हातारीला हात धरून पुढे नेणाऱ्या हवालदाराकडे काठीच असते. बंदूक लागलीच तर पांढरकवड्याच्या ठाण्यात आहे, हे त्यालाही ठाऊक असतं आणि गर्दीलाही. थोरातांना आत जाता आलं, कारण बाहेर फौज उभी होती. आणि चहा मिळाला, कारण आत गेलेला माणूस गोळ्या झाडायला आलेला नव्हता. छावणीत बाया-पोरांशी बोलायला जाणाऱ्या परक्या पोलिसानं पिस्तूल लावून जाऊ नये, असं माझं मत झालं आहे. पण त्याच्या हाकेच्या अंतरावर सशस्त्र तुकडी हवी, आणि केव्हा मध्ये पडायचं हे तिला आधीच स्पष्ट सांगितलेलं हवं. हे नसेल तर निःशस्त्र माणूस तिथे पाठवूच नये.

पोरीला म्हटलं, "पिस्तूल मिळेल का, हे विचारू नकोस. हाक मारली तर कोण येईल, किती वेळात येईल, आणि त्यांना हुकूम काय आहे, हे तीन प्रश्न विचार." तिनं मोबाइलवर लिहून घेतले.

तिच्या आईचं समाधान काही झालं नाही. "तीन प्रश्नांची उत्तरं आली की मग बघू," म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. मला वाटतं, पाठवणाऱ्या साहेबांनीही तिच्याइतकंच अडून बसावं.