निंबोळी, कूलर आणि डासाची अळी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

संध्याकाळी कडुनिंबाचा पाला जाळून धूर करायचा, ही रीत विदर्भातल्या घराघरांत माहीत आहे. धुरानं डास दूर पळतो, पण संपत नाही. त्याला संपवायचं तर तो अळी होऊन पाण्यात असतानाच गाठावा लागतो. मग हाच कडुनिंब पाण्यातल्या अळीवर चालेल का? या प्रश्नाची हकिगत मला आज सांगायची आहे.

डास रोग पसरवतो, याचा पहिला धागा हत्तीरोगानं दिला. १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरला रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या शरीरात या रोगाचे जंत वाढताना दिसले. पुढे वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत मलेरियाचा परोपजीवी डासाच्या पोटात सापडला. हत्तीरोग हे नागपूर जिल्ह्याचंही जुनं दुखणं. तो पसरवणारा क्यूलेक्स डास गटारात आणि तुंबलेल्या नाल्यात वाढतो. पाय हत्तीच्या पायासारखा झाला की सहसा पूर्ववत होत नाही आणि कष्ट करून खाणाऱ्याची रोजीरोटी जाते.

स्वातंत्र्यानंतर सगळी भिस्त डीडीटीवर होती. १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा, तर १९५५ मध्ये हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मलेरियाचे रुग्ण १९६५ च्या सुमारास लाखाच्या आसपास आले. पण मोहीम ढिली पडली, डासही डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये रुग्ण ६४ लाखांवर गेले. हत्तीरोगाचा डास तर या औषधाला फारसा जुमानतच नव्हता. त्याच्यासाठी गटारात दर आठवड्याला तेल फवारावं लागे.

दुसरीकडे कडुनिंबाचा अभ्यास चाललाच होता. १९४२ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी निंबोळीच्या तेलातून 'निंबिन' वेगळं केलं. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान यांनी निंबोळीचा गर पाण्यात कालवून पिकावर फवारला, तेव्हा टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातलं मुख्य द्रव्य, 'अझाडिरॅक्टिन', वेगळं केलं. ते अळीच्या वाढीच्या संप्रेरकांत बिघाड करतं. अळीला नीट कात टाकता येत नाही, तिचा कोष होत नाही आणि डास जन्मतच नाही.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाचे पुण्यातले सी. एम. केतकर यांनी १९७६ मध्ये कडुनिंबाच्या उपयोगांवर मोठा अहवाल तयार केला. १९९५ मध्ये मदुराईच्या संशोधकांनी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. नागसंपगी यांच्या साथीनं, भाताच्या शेतातल्या अळ्यांवर कडुनिंब वापरून पाहिला. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी नुसत्या कडुनिंबावर भिस्त ठेवली नाही. शेतातलं पाणी अधूनमधून आटू देण्याची जोडही त्याला दिली.

असं का करावं लागलं? कारण वनस्पतींचं औषध उन्हात लवकर निकामी होतं. निसर्गात साचून राहत नाही, हा त्याचा गुण. पण पुन्हा पुन्हा टाकावं लागतं, ही अडचण. काचेच्या भांड्यात अळ्या मारणारे अर्क पुष्कळ आहेत. वाहत्या, कचऱ्यानं भरलेल्या गटारात टिकणारे थोडे. शिवाय नैसर्गिक म्हणजे निर्धोक असंही नाही. निंबोळीचं तेल पोटात गेल्यानं लहान मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत. ते पिण्याच्या पाण्यात कधीही घालू नये.

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर हवाच. पण पावसाळा लागला, कूलर बंद झाला की टाकीत तळाला राहिलेलं स्वच्छ पाणी डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडीस डासाला आयतं मिळतं. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी आणि आतून घासावी; भिंतीला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने तग धरतात. निंबोळीची मदत जरूर घ्यावी, पण टाकी घासायचा वार चुकवू नये.