लुगड्यातला गुणा, शेतातला बाळ्या आणि बघणाऱ्या आपण

आज हप्त्याचं, व्याजाचं बोलणार नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. आज सिनेमाबद्दल बोलू. खरं म्हणजे सिनेमा बघणाऱ्यांबद्दल, म्हणजे आपल्याबद्दलच. 'पुरुषासारखा' न वागणारा पुरुष पडद्यावर आला की आपण कधी टाळ्या वाजवतो, कधी डोळे पुसतो, कधी खिदळतो, तर कधी मान खाली घालून बसतो. कधी काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. पण त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षं आहेत.

सुरुवात बालगंधर्वांपासून करू. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८ सालचा. तेव्हा घरंदाज बाई रंगमंचावर यायची नाही, म्हणून बायकांची कामं पुरुष करायचे. बालगंधर्वांची भामिनी, सिंधू, रुक्मिणी बघायला लोक रात्ररात्र जागायचे. त्यांचा शालू, नथ, अंबाड्यातला गजरा बघून मोठ्या घरच्या बायका तसं नेसायला आणि नटायला लागल्या. म्हणजे बघा, बाईनं कसं दिसावं हे आपल्या पणज्या एका पुरुषाकडून शिकल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडातही पुरुष लुगडं नेसत होता. तो नाच्या. पूर्वी फडात बाई नव्हती तेव्हा नाचणारा पोऱ्याच असायचा. पुढे पवळाबाईंसारख्या बायका आल्या, तरी नाच्या राहिला, पण हसवण्यापुरता. कंबर लचकवायची, हात नाचवायचे, लोकांचे टोमणे झेलायचे. लुगडं तेच आणि आत पुरुषच. पण संगीत नाटक होतं वरच्या जातीच्या प्रेक्षकांचं आणि तमाशा गावकुसाबाहेरच्या कलावंतांचा. एकाच्या वाट्याला मानपत्रं आली, दुसऱ्याच्या वाट्याला शिट्ट्या.

या दोघांवर पुढे एकाच दिग्दर्शकानं सिनेमे काढले, रवी जाधव यांनी. १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला आणि २०११ मध्ये 'बालगंधर्व'. 'नटरंग' आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यातल्या गुणाचं काम केलं अतुल कुलकर्णी यांनी. सोलापूरला त्यांचं कौतुक जरा जास्तच, कारण त्यांची शाळा इथली आणि नाटकाची सुरुवातही इथल्या 'नाट्य आराधना'मधून झाली. आमच्यातल्या काही जणी तेव्हा कॉलेजात होत्या. 'आपला सोलापूरचा माणूस' म्हणून आम्ही टॉकीजला गेलो.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कागलचा गुणा, पैलवानी अंगाचा शेतमजूर, तमाशाचं वेड असलेला. फड उभा करायचा तर नाच्या पाहिजे आणि नाच्या व्हायला कुणी तयार नाही. शेवटी तोच होतो. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानासारखं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. पडद्यावर तो फरक बघताना थिएटर गप्प झालं होतं. पण लावणी लागली की शिट्ट्यांनी डोकं उठायचं. आणि गुणावर गुंड अत्याचार करतात त्या प्रसंगाला मागून कुणीतरी हसलं. लपवून काय उपयोग, आमच्यातल्याही एक-दोघी हसल्या. का हसलो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं? त्या सिनेमातल्या लावण्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये गेल्या, वरातीत गेल्या, गणपतीत गेल्या. लहान लहान मुली त्यावर नाचल्या. गुणा मात्र कुठं गेला नाही. बायको पाठ फिरवते, गाव तोंडावर थुंकतं, ते सगळं आम्ही थिएटरातच ठेवून आलो.

त्याच सुमाराचा दुसरा सिनेमा 'जोगवा', २००९ सालचा, राजीव पाटील यांचा. राजन गवस यांच्या लेखनावर तो उभा आहे. उपेंद्र लिमये यांना त्यातल्या तायप्पासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा सिनेमा आम्ही गटातल्या एका मावशींच्या घरी टीव्हीवर पाहिला, पंधरा-वीस जणी दाटीवाटीनं बसून. आपल्याकडे जोगता काही परका नाही. कर्नाटकची शीव जवळ, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी घरं गावोगाव आहेत. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन दारात येणाऱ्याला आपण पीठ घालतो, पायाही पडतो. तायप्पाला जबरदस्तीनं लुगडं नेसवतात तेव्हा मावशींच्या घरात हुंदके ऐकू येत होते.

मग एकाला हसू आणि दुसऱ्याला रडू, असं का? आम्ही यावर बरंच बोललो. आमच्या ध्यानात आलं ते असं. दोन्ही सिनेमे आपल्याला सारखं बजावतात की लुगड्याच्या आत 'खरा पुरुष' आहे. गुणा पैलवान आहे, बायकामुलांचा आहे. तायप्पाचा जीव सुलीवर, म्हणजे बाईवर आहे. एकानं लुगडं कलेसाठी नेसलं, दुसऱ्याला देवाच्या नावानं नेसवलं. मनातून तो तसा नाही, ही खात्री पटली की आपण मोकळेपणानं रडतो. आणि ज्याला कुणी भाग पाडलेलं नाही, ज्याचं मनच तसं आहे, त्याचं काय?

इथं एक गोष्ट नीट वेगळी करू. लुगडं नेसणं वेगळं आणि पुरुषाला पुरुषच आवडणं वेगळं. आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो आणि वर 'बायल्या' अशी चिठ्ठी लावतो. समलिंगी माणूस धोतरात असेल, पॅन्टमध्ये असेल, ट्रॅक्टर चालवत असेल. चालण्या-बोलण्यावरून ओळखू येईलच असं नाही.

मराठीनं हा विषय पूर्वीच उंबऱ्याच्या आत घेतला होता. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडी त्यात होत्या. 'उंबरठा' १९८२ चा, आपल्या पंढरपूरच्या जब्बार पटेलांचा. त्यात महिलाश्रमातल्या दोघींना एकमेकींची ओढ आहे. स्मिता पाटीलसाठी तो सिनेमा कितीदा पाहिला असेल, पण त्या दोघींबद्दल आपल्यात कधी चर्चा झाल्याचं आठवतं का? डिसेंबर १९९८ मध्ये 'फायर'च्या वेळी तर मुंबईत थिएटरं फोडली गेली, आणि त्यात शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्या पुढे होत्या. बायकांच्या सुखदुःखाचा सिनेमा बायकांनीच बंद पाडावा, हे आम्हाला आजही खटकतं.

मराठी माणसावरचा एक हिंदी सिनेमा मात्र जरूर बघा, 'अलीगढ', २०१६ चा. रामचंद्र सिरस नावाचे प्राध्यापक, मूळ नागपूरकडचे, कवी. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवायचे. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषाबरोबरचं त्यांचं चित्रण केलं. विद्यापीठानं घुसणाऱ्यांना सोडून सिरसांनाच निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. सहा दिवस, सख्यांनो. सिनेमात मनोज वाजपेयी त्यांचं काम करतात. एकटाच बसून लताबाईंची गाणी ऐकणारा, भित्रा, साधा मास्तर. त्यांना बघून आमच्यातली एक म्हणाली, "ह्यो तर आपल्या शाळेतल्या गुरुजींसारखा दिसतोय की." हसायला जागाच नव्हती. आणि जिथं ते घडलं त्या अलीगढ शहरातच सिनेमाला विरोध झाला.

आता जरा लांबचं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं आणि आपल्याकडच्या दलितांचं दुःख पुष्कळ जुळतं, म्हणून तिकडच्या गुलामगिरीची आठवण ठेवून जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या पुस्तकाला 'गुलामगिरी' नाव दिलं. त्या काळ्या समाजातल्या समलिंगी पुरुषांवर मार्लन रिग्ज या काळ्या दिग्दर्शकानं १९८९ मध्ये एक माहितीपट केला. १९९१ मध्ये तो तिथल्या सार्वजनिक टीव्हीवर दाखवायचं ठरलं, तेव्हा कितीतरी केंद्रांनी नकार दिला. ज्या समाजाला शतकानुशतकं हीन लेखलं, त्यातल्या पुरुषावर 'मर्द' दिसायचं ओझं दुप्पट असतं. बाहेरचे आधीच हसतात, त्यात आपल्यातल्यांनी आणखी हसू करू नये, असं घरच्यांना वाटतं. आपल्या वस्त्यांतही हे दिसतं.

पुढे २०१७ मध्ये 'मूनलाइट'ला ऑस्करचा सर्वांत मोठा मान मिळाला. मियामीच्या गरीब वस्तीतला काळा मुलगा. आई नशेच्या आहारी गेलेली. त्याला स्वतःचं काही कळायच्या आधीच पोरं त्याच्यामागं चिडवत पळतात. मोठा झाल्यावर तो काय करतो? अंग कमावतो, आडदांड होतो, दातांवर सोनं चढवतो, म्हणजे पुन्हा कुणी चिडवायला धजणार नाही. आमच्यातल्या एकीनं मोबाईलवर बघून ही गोष्ट सांगितली तेव्हा आम्हाला गुणाच आठवला. त्यानं नाच्या होण्यासाठी कमावलेलं अंग उतरवलं, यानं आतला हळवा मुलगा झाकायला अंग चढवलं.

आणि आता 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांचा मराठी सिनेमा. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी चित्रपटांतला सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला तेव्हा आम्ही तिघी-चौघी प्रशिक्षणासाठी पुण्यात होतो. मुद्दाम गेलो.

वडील वारले म्हणून मुंबईचा आनंद आईबरोबर गावी येतो. सुतकाचे दहा दिवस. नातेवाईक येतात, रडतात, आणि अश्रू पुसायच्या आत विचारतात, लग्न कधी करतोस? गावात लहानपणचा मित्र बाळ्या आहे, शेती बघणारा. त्याच्याही घरी मुली बघणं चाललंय आणि तोही टाळतोय. दोघं रानात भेटतात, गप्पा मारतात, एकमेकांच्या जवळ येतात. लुगडं नाही, देव अंगात येत नाही, कुणाची जबरदस्ती नाही. दोन साधे पुरुष, त्यांची स्वतःची आवड, एवढंच. आणि आनंदच्या आईला हे ठाऊक आहे. ती आरडाओरडा करत नाही. ती पाव्हण्यारावळ्यांसमोर लेकाला सांभाळून घेते.

थिएटरात शिट्टी नाही, टाळी नाही. शेजारी बसलेल्या काकू पहिल्यांदा चुळबुळल्या, मग पदर तोंडाला लावून बसल्या. आमच्यातल्या एका अक्कांना काही प्रसंग बघवले नाहीत, त्या सरळ खाली बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ते दोघांचं मला काही पटलं नाही बाई. पण ती आई..." आणि पुढे बोलल्याच नाहीत. बसमध्ये मोडनिंब मागे पडेपर्यंत गप्पच होत्या.

त्या का गप्प होत्या हे आम्हाला ठाऊक होतं. नावगाव सांगणार नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा 'मला लग्न नको' म्हणत होता. तीन वर्षं म्हणत होता. कारण विचारलं की उठून जायचा. आम्ही त्याला 'लाजाळू' म्हणायचो आणि त्याच्या माघारी त्याच्या चालण्याची नक्कल करून हसायचो, थिएटरात हसलो होतो तशाच. 'एकदा हळद लागू दे, सुधारतो' असं आम्हीच त्याच्या आईला सांगितलं. मुलगीही आम्हीच सुचवली, शेजारच्या तालुक्यातली, बारावी झालेली, शिवणकाम येणारी. लग्नाला गटानं कर्ज दिलं. ठराव एकमतानं झाला, वहीत सह्या आहेत.

ती पोर पाच महिन्यांत माहेरी परत गेली. लोक तिलाच नावं ठेवत राहिले, कारण खरं काय ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता आणि ऐकायला आमच्याकडे कान नव्हता. मुलगा आता बाहेरगावी कारखान्यात आहे, दिवाळीला येतो, कमी बोलतो. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं असं नातं ठेवणं हा गुन्हा नाही. ते लग्न त्यानंतरचं आहे. म्हणजे कायदा पोहोचला होता, आम्ही मागे होतो.

पुण्याहून आल्यावर दोघी जणी त्या मुलीला भेटून आल्या. ती शिवणाचं दुकान टाकतेय, मशीनसाठी तिच्या गावच्या गटात अर्ज केलाय. मुलाच्या आईला मात्र अजून आम्ही काही बोललो नाही. दर महिन्याच्या दहा तारखेला ती मीटिंगला येते, त्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता मोजून ठेवते. अजून अकरा बाकी आहेत.