शत्रूच्या मृत्यूचा आनंद

शत्रू मारला गेल्यावर जेत्यांनी केलेला जल्लोष आणि त्या जल्लोषाविषयी त्यांच्याच मनात उमटणारी अस्वस्थता, हा नीतिविचारातील एक जुना विषय. शत्रूला मारणे योग्य होते की नव्हते, हा प्रश्न याहून वेगळा आहे. वध अटळ आणि न्याय्य होता असे मानणाऱ्यालाही त्याचा उत्सव करताना संकोच वाटू शकतो. अनेक परंपरांनी हा संकोच जाणीवपूर्वक जपला आहे.

भारतीय महाकाव्ये : वाल्मीकिरामायणात रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषण कचरतो. वैर मृत्यूबरोबर संपले, असे सांगून राम त्याला ते विधी करायला लावतो. महाभारतातील प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. गदायुद्धात मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकावर भीम लाथ मारतो आणि युधिष्ठिर त्याला आवरतो. मांडी फोडण्याची भीमाची प्रतिज्ञा द्रौपदीच्या विटंबनेतून आलेली, त्यामुळे त्याचा संताप वाचकाला परका वाटत नाही. तरीही ती लाथ खटकते. पांडवांच्या बाजूचे पांचाल वीर जल्लोष करू लागतात, तेव्हा पडलेल्या शत्रूला कठोर शब्दांनी पुन्हा मारणे न्याय्य नव्हे, असे कृष्ण त्यांना बजावतो. मात्र त्याच बोलण्यात तो स्वतः दुर्योधनाची निर्भर्त्सनाही करतो. त्याच रात्री कौरवपक्षाचा अश्वत्थामा झोपेतल्या पांचालांची कत्तल करतो. पुढे स्त्रीपर्वात दोन्ही पक्षांच्या स्त्रिया एकाच रणभूमीवर विलाप करतात.

ज्यू परंपरा : इजिप्तच्या गुलामीतून सुटलेले इस्राएली समुद्र ओलांडल्यावर विजयगीत गातात, असे बायबलच्या निर्गम या ग्रंथात आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथातील कथा मात्र सांगते, की इजिप्शियन बुडत असताना देवदूत गाऊ पाहत होते, तेव्हा आपल्या हातची निर्मिती बुडत आहे, असे म्हणून ईश्वराने त्यांना थांबवले. पेसाह या सणाच्या भोजनात इजिप्तवरील दहा आपत्तींचा उच्चार होताना पेल्यातून द्राक्षारसाचे थेंब काढतात. इतरांच्या मरणामुळे आपल्या आनंदाचा पेला भरलेला राहू नये, असा त्याचा एक प्रचलित अर्थ लावला जातो.

प्रतापगड : १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अफजलखानाचा वध केला. खानाची कबर गडाच्या पायथ्याशी आहे. त्याचे दफन महाराजांनी सन्मानाने करवले, असे परंपरा सांगते. वधाचा दिवस ‘शिवप्रताप दिन’ म्हणून साजरा होतो. स्वराज्यावरचे संकट टळल्याचा अभिमान आणि मृत शत्रूला दिलेली मूठभर माती, या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदू शकतात.

आधुनिक काळ : १९४९च्या जिनीव्हा करारांनी शत्रुपक्षाच्या मृतांचेही सन्मानाने दफन करण्याचे बंधन घातले. २ मे २०११ रोजी पाकिस्तानातील अबोटाबाद येथे अमेरिकी सैनिकांनी ओसामा बिन लादेनला ठार केले. बातमी कळताच व्हाइट हाउससमोर आणि न्यूयॉर्कमध्ये गर्दीने घोषणा देत आनंद साजरा केला. लादेन अनेकांच्या मृत्यूला जबाबदार असला, तरी ख्रिस्ती माणूस कोणाच्याही मृत्यूने आनंदित होत नाही, अशी भूमिका व्हॅटिकनचे प्रवक्ते फेदेरिको लोंबार्दी यांनी मांडली. लादेनने घडवून आणलेल्या ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांत आप्त गमावलेल्यांपैकी काहींना या मृत्यूने दिलासा मिळाला, तर काहींना जल्लोष सहन झाला नाही.

मूल्यमापन : ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याच्या सुटकेच्या निःश्वासाला क्रौर्य म्हणणे अन्यायाचे आहे. अस्वस्थता बाळगणे म्हणजे शत्रूला क्षमा करणेही नव्हे. सुटकेचा आनंद धोका संपल्याचा असतो; वधाच्या उत्सवाचा विषय माणसाचे मरण हाच असतो, आणि त्याची सवय जडली की पुढचा वध सोपा वाटू लागतो. त्यामुळे हा संयम मृतापेक्षा जेत्यासाठी अधिक मोलाचा आहे. ज्या क्रूरतेविरुद्ध तो लढला, तिच्यापासून त्याला स्वतःला दूर ठेवण्याचे काम हा संयमच करतो.