निळ्या पडद्याची आठवण

श्रोतेहो, आज मी आपणांस एका हत्याराचा इतिहास सांगणार आहें. तें लोखंडाचें नाहीं, लाकडाचेंही नाहीं. तें संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचें हत्यार असून त्याचें नांव टर्बो सी. ज्यांच्या घरचें कोणी मूल १९९० नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या वर्गांत शिकलें, त्यांच्या कानांवरून हें नांव गेलेंच असेल. त्या पिढीचीं माणसें आज पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत पसरलीं आहेत, परंतु दोघे एकत्र आले कीं निळ्या पडद्यावरील त्या पिवळ्या अक्षरांची गोष्ट निघते, आणि "तें पुन्हां आणतां आलें तर!" असा उद्गारही निघतो. या उद्गारांत कितपत तथ्य आहे, हें आज पाहावयाचें आहे. हेमलकशासारख्या अरण्यांतील गांवीं राहणाऱ्या निवृत्त शिक्षकानें हा विषय कां घ्यावा, याचा खुलासा ओघानें होईलच.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. सी ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली, आणि १९७३ सालीं युनिक्स या कार्यप्रणालीचा गाभा त्या भाषेंत नव्यानें लिहिला गेला. त्याच १९७३ च्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनीं हेमलकसा येथें लोक बिरादरी प्रकल्प आरंभिला. या दोन घटनांचा परस्परांशीं संबंध कांहीं नाहीं. परंतु ज्या रानांत तेव्हां धड रस्ताही नव्हता, तेथील मुलें पुढें तीच भाषा गिरवूं लागतील, असें त्या वेळीं कोणी सांगितलें असतें तर तें कोणास खरें वाटलें नसतें.

माणसानें लिहिलेली आज्ञावली यंत्रास जशीच्या तशी समजत नाहीं. तिचें यंत्रभाषेंत रूपांतर करणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. १९८० च्या सुमारास लहान संगणकांवर हें काम मोठें कंटाळवाणें असे. मजकूर एका साधनांत लिहावयाचा, तें बंद करून कंपायलर चालवावयाचा, मग निरनिराळे तुकडे जोडणारें तिसरें साधन. मध्यें तबकड्या बदलावयाच्या. आणि शेवटीं एक अर्धविराम राहिला असें कळलें कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ. १९८३ सालीं बोर्लंड या अमेरिकन कंपनीनें टर्बो पास्कल काढून या त्रासांतून पुष्कळांस सोडविलें. त्याचा कंपायलर अँडर्स हाइल्सबर्ग या डॅनिश तरुणानें लिहिला होता. लिहिणें, रूपांतर करणें, चूक दाखविणें आणि चालवून पाहणें हीं सर्व कामें एकाच पडद्यावर होऊं लागलीं; आणि इतरांचे कंपायलर शेंकडों डॉलरांस मिळत असतां याची किंमत पन्नास डॉलरांच्या आंत होती. १९८७ मध्यें त्याच धर्तीवर टर्बो सी, आणि १९९० मध्यें टर्बो सी प्लस प्लस निघालें.

आपल्याकडे हें साधन अगदीं योग्य वेळीं आलें. महाविद्यालयांतील संगणक तेव्हां थोडे, अल्पशक्तीचे आणि डॉस प्रणालीवर चालणारे. टर्बो सीला तेवढें पुरत असे. विकत घेणारे थोडे आणि तबकडीवर नक्कल करून घेणारे पुष्कळ, हेंही येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्यांतच नागपूरचे यशवंत कानेटकर यांचें ‘लेट अस सी’ हें पुस्तक निघालें आणि देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हातीं गेलें. विदर्भांतील लेखकाचें पुस्तक म्हणून आम्हांस त्याचा विशेष अभिमान वाटे.

या साधनाचा खरा गुण हा कीं, त्याला बाहेरच्या जगाकडे कांहीं मागावें लागत नसे. एक कळ दाबली कीं मदतीचीं पानें उघडत; दुसरी दाबली कीं आज्ञावली चाले; चार ओळींत पडद्यावर वर्तुळ उमटे. पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा रस्ता कित्येक दिवस बंद पडे. अशा मुलखांत स्वयंपूर्ण साधन म्हणजे मोठाच आधार. आमच्या भागांतील एका शाळेंत मीं मोठ्या मुलांना टर्बो सी शिकविलें. मी मॅट्रिक झालेला मनुष्य; मला जें आलें तें पुस्तकावरून आणि त्या मदतीच्या पानांवरून आलें. म्हणून जुन्या आठवणीनें गहिंवरणाऱ्यांस मी हंसणार नाहीं.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही आहे. १९९८ सालीं सी प्लस प्लस भाषेचें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. टर्बो सी प्लस प्लस त्याच्या आधींचें, त्यामुळें त्यावर शिकलेली भाषा प्रमाणापासून दूर पडली. पडदा पुसण्याच्या ज्या आज्ञेनें आम्ही प्रत्येक आज्ञावलीचा श्रीगणेशा करीत असूं, ती मुळांत भाषेची नव्हतीच, बोर्लंडची होती. साध्या पूर्णांकाची मर्यादा तेथें ३२,७६७. आजच्या सामान्य संगणकावर ती दोन अब्जांच्या वर आहे. पुढें ६४ बिटांच्या विंडोजवर हें साधन चालेनासें झालें, तेव्हां जुन्या डॉसचें सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्समध्यें बसवून तें चालविण्यांत आलें. कारण प्रश्नपत्रिका त्याच होत्या, प्रात्यक्षिकांच्या वह्या त्याच होत्या, आणि शिकविणारे आम्हीही तेच होतों.

याची किंमत कोणी दिली, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें. माझी एक विद्यार्थिनी शहरांत एका निवडपरीक्षेस गेली. तेथील संगणकावर तिच्या आज्ञावलीची पहिलीच ओळ चूक ठरली. यंत्र नवें आहे आणि आपलें साधन जुनें, हें तिला कोणीं सांगितलें नाहीं. आपल्यालाच कांहीं येत नाहीं, असें समजून ती परत आली आणि मला म्हणाली, "गुरुजी, तुम्ही शिकवलेलें खोटें होतें का?" त्या प्रश्नाला मला त्या दिवशीं उत्तर देतां आलें नाहीं.

आतां दुसरें एक साधन पाहा. टर्बो सी ज्या १९८७ सालीं निघालें, त्याच सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध केला. त्याला निळा पडदा नव्हता कीं मदतीची चौकट नव्हती. परंतु त्याची मूळ संहिता सर्वांस खुली होती. ज्याला उणीव दिसे तो ती भरून काढूं शके. अनेक देशांतील माणसांनीं प्रत्येक नव्या प्रमाणाबरोबर तो सुधारीत आणला, आणि तो आजही कामांत आहे. टर्बो सीवर प्रेम करणारे असंख्य. पण त्याच्या पोटांत हात घालण्याचा अधिकार त्यांतील कोणासही नव्हता. हाइल्सबर्ग १९९६ मध्यें मायक्रोसॉफ्टकडे गेले. बोर्लंड कंपनीही २००९ मध्यें दुसऱ्या कंपनीच्या मालकीची झाली. आमच्याकडे कुऱ्हाडीचा दांडा मोडला तर माणूस रानांतून लाकूड आणून नवा तासतो, म्हणून ती कुऱ्हाड पुढल्या पिढीच्याही हातीं राहते. दांडा तासण्यास मज्जाव असता, तर ती केव्हांच भिंतीला टांगली गेली असती.

तेव्हां "पुन्हां आणतां आलें तर" म्हणणाऱ्यांस माझें सांगणें एवढेंच, कीं निळा पडदा आणूं नका, त्याचे गुण आणा. सर्व कांहीं एका ठिकाणीं असावें, मदत पेटींतच असावी, लहान यंत्रावर आणि इंटरनेटवांचून चालावें, हीं मागणीं आजही रास्त आहेत, आणि तीं जिवंत कंपायलरावर पुरीं करतां येतात. मुंबईच्या आयआयटीनें ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमांत सी आणि सी प्लस प्लस यांचे जीसीसीवर आधारलेले पाठ मराठींतूनही तयार केले आहेत, हें या दृष्टीनें फार मोलाचें काम होय.

पुढें कांहीं दिवसांनीं ती मुलगी आणि मी जीसीसी घेऊन बसलों. तिची तीच आज्ञावली समोर ठेविली. चार ओळी बदलाव्या लागल्या. बाकीची सारी, तिनें स्वतः विचार करून लिहिलेली, एक अक्षरही न बदलतां चालली.