रॉक मैफलींच्या दुर्मीळ चित्रमुद्रणांचा संग्रह

रॉक मैफलींच्या दुर्मीळ चित्रमुद्रणांचा संग्रह हा एक छंद आहे. विसाव्या शतकाच्या साठ व सत्तरच्या दशकांतील रॉक बँडांच्या जाहीर कार्यक्रमांची अप्रकाशित किंवा हरवलेली म्हणून गणली गेलेली चित्रमुद्रणे शोधणे, त्यांची तारीख व स्थळ निश्चित करणे, ती टिकवणे आणि समानशील रसिकांशी त्यांची देवाणघेवाण करणे असे त्याचे स्वरूप आहे. द बीटल्स, द रोलिंग स्टोन्स, द हू, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, ग्रेटफुल डेड हे बँड संग्राहकांच्या विशेष आवडीचे आहेत. छंदाचा उगम व मुख्य विस्तार अमेरिका, ब्रिटन आणि जपान येथे झाला.

हा केवळ चाहत्यांचा हव्यास आहे असे मानणे अन्यायाचे ठरेल. ज्या संस्थांकडे मूळ फिती होत्या त्यांनी त्यांपैकी अनेक स्वतःच पुसून टाकल्या. आज जे पाहायला मिळते त्यातील बराचसा भाग एखाद्या प्रेक्षकाने चोरून आत नेलेल्या कॅमेऱ्यामुळे किंवा एखाद्या तंत्रज्ञाने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतीमुळे उरला आहे.

दुर्मीळतेची कारणे

साठच्या दशकात दूरचित्रवाणी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. ही फीत महाग असे, म्हणून प्रसारण झाले की तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत पडली. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' (आरंभ १ जानेवारी १९६४) या कार्यक्रमाचे साठच्या दशकातील बहुतेक भाग अशा रीतीने नष्ट झाले. १६ जून १९६६ रोजी द बीटल्स या कार्यक्रमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष उपस्थित होते. ती फीतही जपली गेली नाही. एका प्रेक्षकाने घरातील दूरचित्रवाणी संचासमोर आठ मिलिमीटरचा कॅमेरा धरून टिपलेला त्याचा मूक तुकडा २०१९ मध्ये उजेडात आला.

डेव्हिड बोवी यांनी जानेवारी १९७३ मध्ये याच कार्यक्रमात 'द जीन जीनी' हे गाणे सादर केले, त्याचीही अशीच कथा आहे. बीबीसीकडील मुद्रण पुसले गेले. मात्र कॅमेरामन जॉन हेन्शॉल यांनी त्या चित्रीकरणात एक विशेष भिंग वापरले होते आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून दोन इंची फितीवरील एक प्रत मागून घेतली होती. बीबीसीकडे मूळ फीत असणारच अशा समजुतीने ती प्रत त्यांच्याजवळ जवळजवळ एकोणचाळीस वर्षे पडून राहिली. २०११ च्या डिसेंबरात ती पुन्हा प्रसारित झाली.

काही चित्रीकरणे कलावंतांच्या स्वतःच्या इच्छेने कुलुपबंद झाली. ११ डिसेंबर १९६८ रोजी चित्रित झालेले 'द रोलिंग स्टोन्स रॉक अँड रोल सर्कस' १९९६ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी, प्रकाशित झाले. याच बँडच्या १९७२ च्या अमेरिका दौऱ्यावर रॉबर्ट फ्रँक यांनी काढलेल्या चित्रपटावर न्यायालयीन तडजोडीनुसार बंधने आली. दिग्दर्शक उपस्थित असतानाच आणि वर्षातून मोजक्या वेळी तो दाखवता येई. त्यामुळे पुढील काळात तो मुख्यतः चोरट्या प्रतींवरच पाहिला गेला. द हू या बँडने १५ डिसेंबर १९७७ रोजी लंडनमधील किलबर्न येथे केवळ चित्रीकरणासाठी केलेला कार्यक्रम बँडलाच पसंत पडला नाही. तो २००८ मध्ये बाहेर आला.

लेड झेपेलिनचे उदाहरण

संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत अवघड व म्हणूनच सर्वाधिक आकर्षक बँड लेड झेपेलिन होय. १९६९ मध्ये डेन्मार्क, फ्रान्स इत्यादी ठिकाणी काही दूरचित्रवाणी कार्यक्रम केल्यानंतर या बँडने त्या माध्यमाकडे पाठच फिरवली. व्यवस्थापक पीटर ग्रँट यांचा अनधिकृत मुद्रणांवर विलक्षण राग होता. १९७१ मध्ये व्हँकुव्हर येथे सभागृहात दिसलेली यंत्रसामग्री चोरट्या मुद्रणाची आहे असे समजून त्यांनी ती मोडायला लावली. नंतर कळले की ती नगरप्रशासनाची आवाजाची पातळी मोजणारी यंत्रणा होती. अशा बंदोबस्तात कॅमेरा आत नेणाऱ्या प्रेक्षकाच्या धाडसाची कल्पना करता येईल.

या प्रेक्षकांच्या हाती बहुधा सुपर एट कॅमेरा असे. कोडॅकने १९६५ मध्ये आणलेल्या या पद्धतीच्या एका काडतुसात पन्नास फूट फिल्म मावे. सेकंदाला अठरा चौकटी या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंदांत संपत असे. लेड झेपेलिनचा सत्तरच्या दशकातील कार्यक्रम सुमारे तीन तासांचा असल्याने तो सलग टिपायला पन्नासाहून अधिक काडतुसे लागली असती. साहजिकच प्रेक्षक निवडक क्षण टिपत, आणि दोन तुकड्यांमधले अंतर कायमचे रिकामे राही. १९७३ पर्यंत सुपर एट फिल्मवर ध्वनी मुद्रित करण्याची सोयही नव्हती.

बँडने स्वतः करवून घेतलेली चित्रीकरणेही दीर्घकाळ बाहेर आली नाहीत. ९ जानेवारी १९७० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पीटर व्हाइटहेड व स्टॅन्ली डॉर्फमन यांनी केलेले चित्रीकरण तीन दशकांहून अधिक काळ पडून होते. २००३ मध्ये निघालेल्या डीव्हीडी संचात ते आले. त्याच संचात मॅडिसन स्क्वेअर गार्डन (१९७३), अर्ल्स कोर्ट (१९७५) आणि नेबवर्थ (१९७९) येथील मुद्रणे आहेत. विशेष म्हणजे या अधिकृत संचात प्रेक्षकांनी टिपलेल्या फिल्मचे तुकडेही वापरले आहेत. ज्या कॅमेऱ्यांना एके काळी दारातच अडवले जात होते, त्यांचेच चित्रण पुढे बँडला हवेसे वाटले.

तारीख आणि ध्वनी यांची जुळणी

मूक फिल्म हाती आली की तिला आवाज देण्याचे काम सुरू होते. त्यासाठी दुसऱ्या एखाद्या प्रेक्षकाने त्याच रात्री केलेले ध्वनिमुद्रण लागते. या क्षेत्रात लॉस अँजेलिस परिसरातील माइक मिलर्ड यांचे नाव आदराने घेतले जाते. ते व्हीलचेअरवर बसून सभागृहात जात आणि नाकामिची कंपनीचा जड कॅसेट रेकॉर्डर तिच्यात लपवत. २१ जून १९७७ रोजीच्या लेड झेपेलिनच्या कार्यक्रमाचे त्यांनी केलेले ध्वनिमुद्रण उत्कृष्ट प्रेक्षकमुद्रणांत गणले जाते.

जुळणी करताना ढोलावरील आघात, गिटारवरचा हात, गायकाचे ओठ अशा खुणा धरून चित्र व ध्वनी एका रेषेत आणावे लागतात. स्वस्त कॅमेऱ्याचा वेग एकसारखा नसल्याने हे काम प्रत्येक तुकड्यासाठी नव्याने करावे लागते. चार मिनिटांच्या गाण्यावर अनेक रात्री घालवणारे लोक या छंदात आहेत, आणि त्यांना त्याचा मोबदला मिळत नाही.

तारीख ठरवण्यासाठी पोशाख, वाद्ये आणि रंगमंचावरील दिवे पाहिले जातात. उदाहरणार्थ, लेड झेपेलिनचे ढोलवादक जॉन बॉनम १९७३ ते १९७५ या काळातील कार्यक्रमांत मधासारख्या रंगाचा पारदर्शक ढोलसंच वापरत. १९७७ च्या दौऱ्यात त्याच्या जागी पोलादी संच आला. हा एक तपशीलही चुकीची चिठ्ठी लावलेली फिल्म योग्य वर्षात नेऊन बसवतो.

देवाणघेवाण

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती व्हिडिओ यंत्रे आली (बीटामॅक्स १९७५, व्हीएचएस १९७६) आणि चित्रमुद्रणांची देवाणघेवाण टपालाने होऊ लागली. संग्राहक आपापल्या याद्या एकमेकांना पाठवत. नवागताजवळ द्यायला काही नसल्यास त्याने कोऱ्या फिती व परतीचा टपालखर्च पाठवायचा, की जाणता संग्राहक त्याला प्रत करून देई. विक्री निषिद्ध मानली जाई. पैसे घेऊन प्रती विकणाऱ्याला या वर्तुळात मान नसतो.

फितीवरून फीत उतरवताना दर वेळी चित्र पुसट होते, रंग पसरतात. म्हणून प्रत कितव्या पिढीची आहे हा पहिला प्रश्न असे. मूळ फितीपासून हातातल्या प्रतीपर्यंतच्या सर्व टप्प्यांची नोंद, म्हणजे तिची वंशावळ, सोबत दिली जाई. ब्रिटन व भारतात पाल, तर अमेरिका व जपानमध्ये एनटीएससी प्रसारणपद्धत असल्याने रूपांतरातही गुणवत्ता घटे. डिजिटल काळात प्रत मूळाइतकीच चांगली निघू लागली, पण वंशावळ लिहिण्याचा दंडक टिकून राहिला. माझ्या मते या छंदाने घालून दिलेला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. नोंद नसलेल्या फितीचा अभ्यासकाला फारसा उपयोग होत नाही.

या व्यवहाराची एक काळी बाजूही आहे. एखादे चित्रमुद्रण फक्त आपल्याकडे असले म्हणजे बदल्यात हवे ते मिळते, या हिशेबाने काही संग्राहक ते कुणालाही देत नाहीत.

जतनाचे प्रश्न

दडवलेली फीत कपाटात सुरक्षित राहत नाही. अॅसिटेटच्या पायावरील फिल्म उष्ण व दमट हवेत विघटित होते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो, ती आक्रसते आणि वेडीवाकडी होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील अनेक चुंबकीय फितींवरील बंधकद्रव्य आर्द्रता शोषून चिकट होते आणि फीत चालवताच तिचा थर यंत्राला चिकटून निघून येतो. अशी फीत सुमारे पन्नास अंश सेल्सिअस तापमानात काही तास शेकल्यास तात्पुरती चालण्याजोगी होते. तेवढ्या अवधीत तिचे डिजिटल रूपांतर करून घ्यावे लागते. जुन्या पद्धतीच्या फिती वाचणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे तंत्रज्ञ दोन्ही दुर्मीळ होत चालले आहेत. वृद्ध संग्राहकाच्या निधनानंतर घरच्यांनी खोकी रद्दीत काढणे हा यापेक्षाही मोठा धोका आहे.

कायदेशीर बाजू

कार्यक्रमाचे अनधिकृत मुद्रण हे सादरकर्त्याच्या हक्कांचे उल्लंघन ठरते. १९६१ च्या रोम कराराने सादरकर्त्यांच्या संरक्षणाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. अमेरिकेत १९९४ मध्ये मैफलींच्या चोरट्या मुद्रणांविरुद्ध संघराज्यीय कायदा झाला. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ३८ खाली सादरकर्त्याचा हक्क समाविष्ट करण्यात आला. त्याची मुदत आरंभी पंचवीस वर्षे होती, १९९९ च्या दुरुस्तीने ती पन्नास वर्षे झाली. सर्वच बँडांनी मात्र विरोधाची भूमिका घेतली नाही. ग्रेटफुल डेड या बँडने १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्या प्रेक्षकांसाठी सभागृहात स्वतंत्र जागा राखून ठेवली.

भारतातील संदर्भ

मराठी वाचकाला या छंदाची जातकुळी अनोळखी वाटू नये. पुण्या-मुंबईतील रसिकांनी शास्त्रीय संगीताच्या खाजगी बैठकी स्पूलवर मुद्रित करून एकमेकांना ऐकवल्या, त्यामागची ओढ हीच होती.

लेड झेपेलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थानिक वादकांसह 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' या गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अनेक वर्षे बूटलेग प्रतींवर फिरत राहिले आणि २०१५ मध्ये 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे आले. द पोलीस या ब्रिटिश बँडने मार्च १९८० मध्ये मुंबईत कार्यक्रम केला. त्या भेटीची दृश्ये 'द पोलीस अराउंड द वर्ल्ड' या चित्रपटात आहेत. ऐंशीच्या दशकात व्हीएचएसवर निघालेला हा चित्रपट पुढे बराच काळ जुन्या फितींवरच मिळत असे. २०२२ मध्ये त्याची पुनर्संस्कारित आवृत्ती डीव्हीडी व ब्लू-रे स्वरूपात प्रकाशित झाली.