कुक्कुटांचे कूळ आणि शील

मालाडच्या पश्चिमेस मार्वे येथे तरीत बसून खाडी ओलांडली म्हणजे लागणारे मनोरी हे गाव आज मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत गणले जात असले, तरी त्याचा खरा शेजार गोराई, उत्तन, डोंगरी या गावांचा, म्हणजे जुन्या धारावी बेटाचा आहे. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत या बेटासाठी निकराच्या लढाया होऊन 1739 मध्ये येथे मराठ्यांचा अंमल बसला. आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी शेजारचे साष्टी बेट घेतले. सत्ताधीशांच्या दप्तरांत शेते, मिठागरे आणि ताडमाड यांना जे स्थान मिळाले, ते अंगणातल्या कोंबडीला मिळाले नाही. परंतु कोळी, भंडारी आणि ज्यांनी 1887 मध्ये स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले त्या ख्रिस्ती रयतेच्या गृहस्थाश्रमात तिचे महत्त्व मोठे होते, आणि तिचा इतिहास तर या सर्व राजवटींहून पुरातन आहे.

आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा हा तिचा मूळपुरुष. थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडलेल्या अस्थींवरून माणसाळलेल्या कोंबडीचा काळ इसवीसनापूर्वी सुमारे 1650 ते 1250 असा संशोधक धरतात, आणि भाताच्या शेतीतील सांडलेल्या दाण्याच्या लोभाने हा पक्षी रानातून माणसाच्या वस्तीकडे आला असावा, असेही मानतात. भात पिकविणाऱ्या कोंकणास हे मत सहज पटावे. याखेरीज आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याचाही या कुळात अंश आहे; गावठी कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला आहे, असे 2008 मध्ये आनुवंशिकीच्या आधारे सिद्ध झाले.

मनोरीत मासळी वाळविण्याच्या वलांडीखाली सांडलेली सुकी मासळी टिपीत, माडांच्या आळ्यांत पाचोळा उकरीत मोकळा हिंडणारा कळप वरवर पाहणाऱ्यास अव्यवस्थित वाटतो; वस्तुतः त्याच्याइतकी काटेकोर राज्यव्यवस्था क्वचितच आढळेल. थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1921 मध्ये दाखवून दिले की, कळपातील प्रत्येक पक्ष्यास आपण कोणास टोचावे आणि कोणाची टोच मुकाट्याने सोसावी हे पक्के ठाऊक असते. नरांची उतरंड निराळी, माद्यांची निराळी. एकदा दर्जा ठरला की एरवी नुसत्या मान उंचावण्याने काम भागते. पहाटेचे आरवणेसुद्धा स्वैर नसते: प्रमुख कोंबडा प्रथम आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीने त्याच्यामागून, असे 2015 मध्ये जपानमधील संशोधकांना आढळले.

हा प्रमुख नुसता मिरवणारा नव्हे. दाणा सापडला की तो चोचीत उचलून पुन्हा खाली टाकतो आणि ठराविक हाक देऊन माद्यांना बोलावतो. क्वचित दाणा नसतानाही हीच हाक देऊन एखाद्या तलंगेला फसवतो, इतके व्यवहारचातुर्य त्यालाही आहे. आकाशात घार दिसली तर त्याचा स्वर बारीक व लांबट होतो आणि कळप जागच्या जागी दबून बसतो. मुंगूस वा कुत्रे जमिनीवरून आले तर तो तारस्वरात एकसारखा कटकटतो आणि सारे माना ताठ करतात. ऐकणारे जवळ कोणी नसेल, तर घार पाहूनही तो बहुधा गप्प राहतो. आणि हरलेला नर? तो कळपाच्या कडेला सरकतो, अंतर राखून चरतो, आणि अशी माघार घेण्यास मोकळे रान असल्यामुळेच बहुतेक भांडणे रक्तपाताविना मिटतात.

ही माघारीची विद्या माणसाने हेतुपुरस्सर मोडली. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत मेष, कुक्कुट व लावक यांच्या झुंजी लावणे ही एक कला आहे, दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त नारिकेल आणि बलाका जातींच्या कोंबड्यांची झुंज रंगते, आणि कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराने 1130 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त या विनोदाचे शास्त्रच सांगितले आहे. पुढे लखनौला नबाब आसफउद्दौल्याच्या दरबारी इंग्रज कर्नल मॉरडंट याच्या झुंजीचे चित्र झोफनी या चित्रकाराने रंगविले, तेव्हा नबाब आणि साहेब या एका व्यसनात तरी समान झाले होते.

झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीचे फळ म्हणजे असील जातीचा कोंबडा. आंध्र, बस्तर व ओडिशा ही त्याची भूमी. आखूड तुरा, ताठ मान, चार-पाच किलोंचा कसलेला देह. माणसाच्या हातात तो अत्यंत सौम्य असतो. स्वजातीयांत मात्र काही आठवड्यांची पिलेदेखील एकमेकांवर तुटून पडतात, आणि मोकळे सोडले तरी पराभव मान्य करणे त्याला साधत नाही. असीलाची मादी अंडी थोडी देते, पण खुडूक बसली म्हणजे पिलांसाठी जीव द्यायला सिद्ध असते. शौर्य म्हणून ज्याची स्तुती होते, ते माझ्या मते एका शहाणपणाचे छाटलेले अंग आहे. गावठी कोंबडा भित्रा नाही, तो केवळ आपल्या पूर्वजांइतका समंजस राहिला आहे.

1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावरांना झुंजीस उद्युक्त करणे हा अपराध ठरविला. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोंबडा बाजार अद्याप भरतात. तेथे पायाला धारदार काती बांधून दोन नर रिंगणात सोडले जातात, आणि पळून जाण्याची जी वाट प्रत्येक कळपात मोकळी असते, तीच तेथे प्रेक्षकांच्या पायांनी बंद झालेली असते. पोलिसांची धाड पडली की कोंबडे, कात्या व रोकड जप्त होतात, आणि गुन्हा बहुधा 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदविला जातो.